अर्ज करण्यापूर्वीचा अभ्यास

शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी नोकरीचे अर्ज मला दाखवायला आणतात. बहुतेकांत घरची गरिबी असते, वडिलांचे आजारपण असते आणि शेवटी ‘सेवेची संधी द्यावी ही नम्र विनंती’ असते. मालकाची अडचण काय, याविषयी एक ओळ नसते. गावकीने भाकर मागण्याची जी भाषा आपल्यावर लादली, तिचेच हे पदवीधर रूप आहे.

वास्तविक त्याच गावकीत शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष महत्त्वाची ठरे, कारण सारे शिवार त्याला पाठ असे. गावाचा कारभार कोठे अडतो हे त्याला ठाऊक होते. ज्ञान त्याचे, पण त्याचे मोल ठरवणारा दुसरा. १९५८ च्या कायद्याने ती वतने संपली. जाणतेपणाचा तो वारसा मात्र टाकून देण्याचे कारण नाही.

घटनेच्या कलम १६(४) मधील राखीव जागा सरकारी सेवेपुरत्या आहेत. खाजगी कारखान्यात अजून ओळख चालते, आणि ओळख नात्यागोत्यातून येते. ज्याचा मामा तेथे मॅनेजर आहे, त्याला कारखान्याची अडचण घरी जेवताना कळते. आपल्या पोराला ती शोधावी लागते.

ती शोधायची कशी? समजा, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणारा एखादा लहान कारखानदार आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. कच्च्या मालावर भरलेला कर त्याला आपल्या देय करातून वजा करता येतो. पण माल देणाऱ्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवले नाही तर वजावट अडकते आणि रोकड तुटते. दुसरी अडचण उधारीची. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर केल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तरी पुढचे काम जाईल या भीतीने लहान माणूस गप्प बसतो. वाणिज्य पदवीधराने अशा ठिकाणी लिहावे : ‘खरेदीची बिले दरमहा पोर्टलवरील नोंदींशी ताडून पाहीन, थकलेल्या बिलांची तारीखवार यादी ठेवीन.’ घरच्या हालअपेष्टांच्या पानभर वर्णनापेक्षा या दोन ओळींना वजन आहे.

मोठ्या कंपनीचे शेअर बाजारात असतील, तर तिचा वार्षिक अहवाल कोणालाही फुकट वाचता येतो. त्यात व्यवस्थापनाने धंद्यातील धोके आपल्याच शब्दांत मांडलेले असतात. लहान कारखान्याचा असा अहवाल हाती लागत नाही. पण आपल्या वस्तीतील माणसे तेथे कंत्राटी कामगार असतात. कोणते यंत्र वारंवार बंद पडते, कोणता माल परत येतो, हे त्यांना साहेबाच्या आधी कळते. त्यांना विचारावे, ऐकलेले दोघा-तिघांकडून पडताळावे. मात्र त्यांचे नाव मालकापुढे कधी घेऊ नये. कामगाराची भाकर धोक्यात घालून मिळवलेली नोकरी आपल्या चळवळीला शोभणारी नाही.

आता कोणी विचारील, एवढ्याने जात आडवी येणार नाही काय? येईल. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअरच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या नावांनी पाठवले होते. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश निघाला.

म्हणून खाजगी क्षेत्रातील राखीव जागांची मागणी सोडता येत नाही, आणि ती मान्य होईपर्यंत हात बांधून बसताही येत नाही. अभ्यासाने काही दारे उघडतील. जी उघडणार नाहीत, त्यांच्याआड बसलेल्यांना ‘तुमच्यात गुणवत्ता नाही’ हे जुने कारण तरी पुढे करता येणार नाही. मालकाची नेमकी अडचण आणि तिच्यावरचा उपाय लिहिलेला अर्ज केवळ आडनाव पाहून बाजूला पडला, तर दोष कोणाचा हे त्या कागदावरच दिसेल.