आवर हेही बळच!

करोनाच्या साथीपासून ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवा’ हा घोष घरोघरी पोहोचला आहे. काढे, चूर्णे आणि गोळ्या यांच्या जाहिरातींनी तो इतका दृढ केला आहे की, ही शक्ती जितकी अधिक तितकी चांगली, याविषयी कोणाला शंकाच उरलेली नाही. २०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या संशोधनास लाभले, ते मात्र नेमका याच समजुतीस छेद देणारे आहे. अमेरिकेच्या मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल आणि जपानचे शिमोन साकागुची यांचा शोध रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशींचा नव्हे. तो लढणाऱ्यांना आवरणाऱ्या पेशींचा आहे.

आपल्या रक्तातील टी पेशी शरीराच्या शिपाई होत. परंतु या शिपायास हत्यार उपसण्याची मुभा सहजासहजी मिळत नाही. शत्रूचा अंश ओळखणे हा पहिला संकेत. तो अंश दाखविणाऱ्या पेशीकडून मिळणारी संमती हा दुसरा. दुसऱ्यावाचून पहिला मिळाला, तर टी पेशी सज्ज होण्याऐवजी बहुधा निष्क्रिय होते. दोन्ही मिळाले की तिची संख्या झपाट्याने वाढते आणि सभोवतीच्या रासायनिक संदेशांनुसार तिची कामे ठरतात. कोणी पेशींत दडलेल्या जंतूंविरुद्ध उभी राहते, तर कोणी आतड्यातील जंतांविरुद्ध. याच वेळी तिच्या पृष्ठभागावर तिला रोखणारे लगामही उगवतात. काम संपले की बहुतेक पेशी मरून जातात, आणि मोजक्या तेवढ्या आठवण जपत उरतात.

एवढी व्यवस्था असूनही ती पुरेशी नाही, हे साकागुची यांनी १९९५ साली दाखविले. विशिष्ट खूण असलेल्या टी पेशी वगळून उरलेल्या पेशी त्यांनी उंदरांना दिल्या, तेव्हा त्यांनी थायरॉईड, जठर अशा स्वतःच्याच अवयवांवर हल्ला चढविला. वगळलेल्या पेशीही दिल्या, तेव्हा तो टळला. २००१ साली ब्रंको व रॅम्सडेल यांनी फॉक्सपी३ हे जनुक शोधले. ते बिघडले की उंदरांची नर पिल्ले काही आठवड्यांतच दगावतात. मुलग्यांमध्येही त्यातून एक गंभीर आजार उद्भवतो. हेच जनुक आवरणाऱ्या पेशी घडविते, हे २००३ साली स्पष्ट झाले.

लगाम सुटल्यास काय होते, याचा दाखला २००६ सालच्या मार्चमध्ये लंडनला मिळाला. पहिल्या संकेताची वाट न पाहता टी पेशींना चेतविणारे एक नवे औषध सहा निरोगी तरुणांना देण्यात आले. काही तासांतच सहाही जण अत्यवस्थ झाले. ते वाचले खरे, परंतु एकास पायांची बोटे गमवावी लागली. त्यांच्या शरीरात शत्रू कोणीच नव्हता. होते ते केवळ अनावर झालेले स्वतःचेच बळ.

लगाम सैल करणे कधी हितावहही असते. कर्करोगाविरुद्ध तो मार्ग दाखविल्याबद्दल जेम्स अ‍ॅलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल मिळाले. पण तेथेही आतडी, यकृत वा थायरॉईड यांचा दाह होण्याचे भय असतेच. म्हणून ते काम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालते, दुकानातील बाटलीच्या भरवशावर नव्हे.

आमच्या खाजन शेतीचे रक्षण एकट्या बांधाने होत नाही. भरतीला मिटणारे आणि ओहोटीला उघडणारे मानशीचे दार तेथे लागतेच. शरीराचेही तसेच आहे. पुरेसा आहार, झोप आणि वेळच्या वेळी लस ही त्याची खरी निगा. ज्यांना संधिवातासारखा, स्वतःच्याच पेशींनी मांडलेला आजार आहे, त्यांनी तर प्रतिकारशक्ती ‘वाढविणाऱ्या’ औषधास हात लावण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घेतलाच पाहिजे. आणि जाहिरातदारांना आमचे एवढेच विचारणे आहे: वाढवायचे ते नेमके काय, मारणारे हात की आवरणारे? याचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याने लोकांच्या आरोग्याशी खेळू नये.