घरांतील धूर आणि घरांतील मर्यादा

विडी किंवा सिगारेट ओढीत असलेला मनुष्य वडिलांची चाहूल लागतांच ती विझवितो, हा देखावा आपल्यापैकीं पुष्कळांच्या परिचयाचा आहे. आमचे एक काका आजोबांपुढें कधींहि ओढीत नसत. त्याकरितां माजघरापलीकडील खोली ठरलेली होती. त्याच खोलींत आम्हां मुलांची निजण्याची सोय असे व काकूंच्या तान्ह्या बाळाचा पाळणाहि तेथेंच टांगलेला असे, याचें मात्र कोणास कांहीं वाटत नसे. आजोबांची मर्यादा राखली गेली म्हणजे सर्व यथास्थित झालें, अशी समजूत!

धूम्रपानानें फुफ्फुसाचा कर्करोग होतो, याविषयीं आतां वाद उरलेला नाहीं. डॉल व हिल या इंग्रज संशोधकांनीं लंडनच्या रुग्णालयांतून केलेली चौकशी १९५० सालीं प्रसिद्ध झाली. तींतील या रोगाच्या ६४९ पुरुष रोग्यांपैकीं धूम्रपान न करणारे अवघे दोन होते. परंतु ओढणाऱ्याच्या शेजारीं बसणाऱ्याचें काय? जपानमधील ताकेशी हिरायामा यांनीं स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षें पाहणी करून १९८१ सालीं जो निष्कर्ष काढला, तो प्रत्येक गृहस्थानें ध्यानांत घ्यावा असा आहे. ज्यांचे पति अतिशय ओढणारे होते, त्या स्त्रियांत फुफ्फुसाच्या कर्करोगानें होणाऱ्या मृत्यूंचें प्रमाण, ज्यांचे पति ओढीत नसत अशा स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट आढळलें. तंबाखूच्या व्यापाऱ्यांनीं यावर बरेंच काहूर उठविलें. पुढें अन्य देशांतील पाहण्यांनीं त्यास दुजोराच दिला.

आपल्या देशांत २०१६-१७ सालीं झालेल्या पाहणींत शेंकडा १०.७ प्रौढ माणसें धूम्रपान करणारीं आढळलीं. पण राहत्या घरांतच धुराचा उपसर्ग होणारीं शेंकडा ३८.७ निघालीं. महाराष्ट्रांत ओढण्यापेक्षां तंबाखू चघळण्याचें व मशेरी लावण्याचें व्यसनच अधिक. तें निराळ्या लेखाचा विषय होईल.

मुलांवर होणारे परिणाम लवकर दिसतात. वरचेवर खोकला, दमा, कान फुटणें, हीं दुखणीं धुराच्या घरांतील बालकांस अधिक होतात. तान्ह्या मुलाच्या आकस्मिक मृत्यूचाहि धोका वाढतो. खिडकी उघडली किंवा पंखा लावला म्हणजे भागलें, असें मानण्यांत अर्थ नाहीं. कारण धूर विरळ झाला तरी खोलींतून नाहींसा होत नाहीं. ओढावयाचेंच असेल तर घराबाहेर गेलें पाहिजे. २००३ च्या कायद्यान्वयें सार्वजनिक ठिकाणीं धूम्रपानास मनाई आहे. आपल्या माजघरांत शिपाई येणार नाहीं, व येऊंहि नये.

मग सांगावें कोणी? एकत्र कुटुंबांत खरी अडचण हीच. सासरे नातवास मांडीवर घेऊन सिगारेट ओढीत असतील, तर सुनेनें बोलावें कसें? ज्या मर्यादेनें वडिलांपुढची विडी विझते, तीच मर्यादा तिचें तोंड बंद करिते. वडील मंडळींनीं हें आपण होऊन ओळखावें, यासारखा दुसरा मार्ग मला सुचत नाहीं.

आमच्या काकूंस हें कांहींच वाचावयास मिळालें नव्हतें. बाळाचा खोकला मात्र त्या रोज ऐकत होत्या. एके दिवशीं त्यांनीं मुकाट्यानें पाळणा सोडविला आणि आजोबांच्या बसण्याच्या खोलींत नेऊन टांगला. "तिकडे वारा फार लागतो," इतकेंच त्या सासूबाईंस म्हणाल्या. आजोबांनीं पुस्तकांतून मान वर करून पाहिलें, आणि आपली खुर्ची थोडी बाजूस सरकवून घेतली.