ई-मेलचे खाते : किल्ली मालकाच्याच हाती हवी

कवठे महांकाळच्या बाजारपेठेत आज जवळपास प्रत्येक व्यावसायिकाच्या खिशात मोबाईल आहे. बेदाण्याचा व्यापारी असो, फळांचा व्यापार करणारा बागवान असो, फॅब्रिकेशनचे शेड चालविणारा असो की घरी शिवणकाम करणारी भगिनी असो, प्रत्येकाचा ई-मेल पत्ता कुठे ना कुठे नोंदविलेला असतो. जीएसटीच्या अर्जावर तो असतो, उद्यम नोंदणीवर असतो, बँकेच्या फॉर्मवरही असतो. पण "तुमचा ई-मेल सांगा" असे म्हटले की अनेक जण मुलाकडे, भाच्याकडे किंवा कर सल्लागाराकडे बोट दाखवितात. पत्ता आहे, पण तो उघडता येत नाही. पासवर्ड कुणी ठेवला हे आठवत नाही. दुकानाची किल्ली आपण अशी कुणाकडेही ठेवत नाही. हे खाते कसे उघडावे, संगणकावर व मोबाईलवर कसे बसवावे आणि आपल्याच ताब्यात कसे ठेवावे, याची माहिती या लेखात घेऊ.

ई-मेल पत्त्याचे महत्त्व

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यामार्फत पहिले पत्र १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी पाठविले. नाव आणि ठिकाण यांच्यामध्ये 'ॲट'चे चिन्ह वापरण्याची पद्धत त्यांनीच पाडली. आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पण त्या काळी तालुक्याच्या व्यापाऱ्याला बाहेरगावी भाव कळवायचा तर एसटीडी बूथ, तार आणि टपाल हेच मार्ग होते. १९९६ साली सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले आणि फुकट ई-मेल घराघरांत पोहोचू लागला. २००४ मध्ये जीमेल आले. जुलै २०१३ मध्ये सरकारी तारसेवा बंद झाली.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने खरा फरक पडला तो १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर. नोंदणीच्या वेळी मोबाईल व ई-मेल या दोन्हींवर येणारा ओटीपी भरावाच लागतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे, नोंदविलेल्या ई-मेलवर पत्र पाठविणे हा नोटीस बजावण्याचा एक मान्य मार्ग आहे. कलम १०७ प्रमाणे आदेशाविरुद्ध अपील करण्याची मुदत तो कळविल्यापासून तीन महिने असते. पत्र ज्या पेटीत पडले ती पेटी आपण उघडतच नसू, तर मुदत सरून जाते आणि दुकानदाराला खबरही नसते. त्यामुळे ई-मेलकडे तरुण मुलांची हौस म्हणून पाहून चालत नाही.

खाते उघडण्यापूर्वी ठरवावयाच्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट, पत्त्याचे नाव. ते छोटे, फोनवर सांगता येईल असे आणि दुकानाशी जुळणारे असावे. लांबलचक आकडे व टोपणनावे टाळावीत. पत्ता इंग्रजी अक्षरांतच घ्यावा. पत्रातील मजकूर मात्र खुशाल मराठीत लिहिता येतो. जीमेलमध्ये नावातील टिंब धरले जात नाही, म्हणून टिंब घालून किंवा काढून वेगळे खाते होत नाही.

दुसरी गोष्ट, स्पेलिंग. आपल्याकडे ही मोठी अडचण आहे. शेख हे आडनाव कुणी 'ए-आय'ने लिहितो, कुणी 'ई-आय'ने. मोहम्मद कुठे पूर्ण असते, कुठे संक्षिप्त. ई-मेलच्या पत्त्यात काहीही स्पेलिंग चालते. पण खातेधारकाचे नाव म्हणून जे दिसते ते पॅनकार्डाप्रमाणे लिहावे. पुढे बिलावर, बँकेत व नोंदणीत एकच नाव दिसले म्हणजे समोरच्याला शंका येत नाही.

तिसरी गोष्ट, मोबाईल नंबर. खात्याला जोडायचा नंबर मालकाच्या स्वतःच्या नावावरचा आणि नेहमी चालू ठेवला जाणारा असावा. रिचार्ज न केल्याने बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. मग आपल्या खात्याचे कोड अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागतात.

संगणकावर खाते उघडण्याची रीत

जीमेलचे उदाहरण घेऊ. आउटलुक, याहू किंवा रेडिफमेल यांची रीत थोड्याफार फरकाने अशीच आहे.

१. संगणकावर ब्राउझर उघडून जीमेल डॉट कॉम हा पत्ता टाकावा व 'क्रिएट अकाउंट' निवडावे. वैयक्तिक वापरासाठी की व्यवसायासाठी असे विचारले जाते. छोट्या दुकानदाराला वैयक्तिक खाते पुरते.

२. नाव, जन्मतारीख व स्त्री-पुरुष ही माहिती भरावी. जन्मसाल नीट तपासावे. घाईत चालू साल टाकले गेले आणि वय तेराच्या आत निघाले, तर खाते बंद होण्याची पाळी येते.

३. ठरविलेला पत्ता टाकावा. तो कुणी आधीच घेतला असेल तर नावापुढे गावाचे किंवा धंद्याचे नाव जोडून पाहावे.

४. पासवर्ड द्यावा. मुलाचे नाव, गाडीचा नंबर किंवा एक ते आठ आकडे असा पासवर्ड नको. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द आणि मध्ये एखादा आकडा, असा पासवर्ड लक्षातही राहतो व ओळखणेही अवघड जाते. बँकेचा पासवर्ड इथे वापरू नये.

५. मोबाईलची पडताळणी करावी. कधी एसएमएसने कोड येतो, तर कधी पडद्यावरचा चौकोनी क्यूआर कोड मोबाईलने स्कॅन करायला सांगतात.

६. 'रिकव्हरी ई-मेल' विचारला जातो, तो रिकामा सोडू नये. घरातील विश्वासू व्यक्तीचा पत्ता द्यावा. पासवर्ड विसरला तर हीच मागची खिडकी उपयोगी पडते.

हे काम सेवा केंद्रातील किंवा दुसऱ्याच्या संगणकावर करीत असाल तर 'इन्कॉग्निटो' खिडकी वापरावी, पासवर्ड जतन करण्याच्या प्रश्नाला नकार द्यावा आणि शेवटी 'साइन आउट' करूनच उठावे.

मोबाईलवर खाते बसविणे

अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा एक गूगल खाते आधीच असते. फोन विकत घेतला तेव्हा दुकानातील मुलाने ते दोन मिनिटांत उघडून दिलेले असते आणि त्याचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. म्हणून नवे खाते उघडण्याआधी जीमेल ॲप उघडून वरच्या उजव्या कोपऱ्यातील गोलावर बोट ठेवावे. तिथे कोणता पत्ता दिसतो तो वहीत लिहून घ्यावा. त्यानंतर 'मॅनेज युअर गूगल अकाउंट'मध्ये जाऊन सुरक्षेच्या भागात पासवर्ड बदलावा आणि रिकव्हरीचा नंबर आपलाच आहे का हे पाहावे. पत्ता ठीक असेल तर तोच वापरता येईल.

दुकानाचे नवे खाते त्याच फोनवर जोडायचे असल्यास त्याच गोलावर बोट ठेवून 'ॲड अनदर अकाउंट' निवडावे आणि पत्ता व पासवर्ड टाकावा. एका फोनवर घरचे व दुकानाचे अशी दोन्ही खाती नीट चालतात. आयफोनवर जीमेलचे ॲप घ्यावे किंवा फोनच्या मेल ॲपमध्ये खाते जोडताना गूगल निवडावे. सूचना चालू ठेवाव्यात, नाहीतर पत्र येऊन पडलेले कळत नाही.

ज्यांच्या दुकानात संगणकावर आउटलुक किंवा थंडरबर्डसारखा प्रोग्रॅम आहे, त्यांना 'पॉप' व 'आयमॅप' हे दोन शब्द भेटतील. पॉप म्हणजे पोस्टातून पत्र घरी आणणे. ते त्या एकाच यंत्रावर येते आणि यंत्र बिघडले तर पत्र जाऊ शकते. आयमॅपमध्ये पत्र पोस्टातच राहते आणि आपण ते दुकानातून, घरातून, प्रवासातून कुठूनही वाचतो. आयमॅपच निवडावे. त्यात एका ठिकाणी पत्र पुसले की सगळीकडून पुसले जाते, एवढे लक्षात ठेवावे. सेटिंग विचारल्यास येणाऱ्या पत्रांसाठी ९९३ व जाणाऱ्या पत्रांसाठी ४६५ किंवा ५८७ हे पोर्ट क्रमांक चालतात. जुन्या प्रोग्रॅमला नेहमीचा पासवर्ड चालत नाही; गूगलकडून सोळा अक्षरांचा वेगळा 'ॲप पासवर्ड' काढावा लागतो.

कुलूप दुहेरी करावे

खाते उघडले त्याच दिवशी 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करावे. त्यामुळे पासवर्ड कुणाला कळला तरी मोबाईलवरील संमतीशिवाय खाते उघडत नाही. त्याच ठिकाणी गूगल आठ आकड्यांचे दहा राखीव कोड देते. ते कागदावर उतरवून दुकानाच्या परवान्याच्या कागदांसोबत ठेवावेत. फोन हरवला किंवा पाण्यात पडला तर हे कोड कामी येतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो.

आणखी एक नियम अनेकांना माहीत नाही. दोन वर्षे सलग न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल पुसून टाकू शकते. हे धोरण २०२३ साली जाहीर झाले. नोंदणीपुरते उघडून विसरलेले खाते त्यातील सर्व पत्रांसह जाऊ शकते. आठवड्यातून एकदा तरी पेटी उघडण्याची सवय ठेवावी. 'स्पॅम'चा कप्पाही पाहावा, कारण कामाची पत्रे कधी कधी तिथे जाऊन पडतात.

धंद्यासाठी वापर

आपल्या जिल्ह्याच्या मालाला नाव आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगार कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला ते २०२४ मध्ये मिळाले. परगावचा किंवा परदेशातील ग्राहक माप, फोटो, दर व पाठविण्याचा खर्च लेखी मागतो. व्हॉट्सॲपवर बोलणी होतात, पण फोन बदलला की ती गहाळ होऊ शकतात. ई-मेलवर तारीख-वेळेसह नोंद राहते आणि वाद झाला तर ती दाखविता येते.

पत्र लिहिताना विषयाची ओळ रिकामी ठेवू नये. 'बिल क्रमांक, तारीख, मालाचे नाव' एवढे लिहिले तरी सहा महिन्यांनी शोधता येते. बिल फोटोऐवजी पीडीएफ करून जोडावे. जीमेलमध्ये जोडकागदांची मर्यादा २५ एमबी आहे. 'सीसी'मध्ये टाकलेले पत्ते सर्वांना दिसतात, 'बीसीसी'मधील दिसत नाहीत. म्हणून अनेक गिऱ्हाइकांना एकच भावपत्रक पाठविताना बीसीसी वापरावे. नाहीतर आपली सारी गिऱ्हाइके एकमेकांना आणि स्पर्धकालाही कळतील.

फसवणुकीपासून सावध

"आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, या वेळचे पैसे नव्या खात्यावर पाठवा" असे पत्र ओळखीच्या व्यापाऱ्याच्या नावाने येते. पत्त्यात एखादेच अक्षर वेगळे असते, किंवा त्याचे खातेच कुणी उघडलेले असते. अशा वेळी पत्रात दिलेल्या नंबरवर फोन करू नये. आपल्या वहीतील जुन्या नंबरवर बोलून खात्री झाल्यावरच पैसे पाठवावेत. उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. तिच्या नावाने फी मागणारे पत्र सरकारी नसते. ओटीपी कुणी कितीही गोड बोलून मागितला तरी देऊ नये. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर तक्रार होईल तितकी रक्कम अडविण्याची शक्यता जास्त असते.

नोंदणी दुसऱ्याच्या पत्त्यावर असेल तर

अनेक नोंदण्यांच्या वेळी मध्यस्थांनी स्वतःचाच ई-मेल व मोबाईल टाकला आणि नंतर माहिती देण्यास टाळाटाळ केली, अशा तक्रारी देशभरातून आल्या होत्या. त्यावर केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०१८ साली मार्ग जाहीर केला. तो असा : व्यापाऱ्याने आपल्या क्षेत्राच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे ओळखीचा व व्यवसायाचा पुरावा घेऊन जावे आणि नवा ई-मेल व मोबाईल द्यावा. अधिकारी कागद तपासून नवी माहिती पोर्टलवर भरतो आणि पासवर्ड बदलून देतो. तात्पुरता पासवर्ड आपल्या नव्या ई-मेलवर येतो. त्याने प्रवेश करून लगेच स्वतःचा पासवर्ड ठेवावा. लॉग-इन आपल्याकडे असेल तर मात्र कार्यालयात जाण्याची गरज नाही. पोर्टलवरच दुरुस्तीचा अर्ज भरता येतो.

याचा अर्थ कर सल्लागारावर अविश्वास दाखवावा असा नाही. हिशेबाचे काम त्याचे, ते त्यानेच करावे. पण त्याच्याकडे असलेला पासवर्ड ही अमानत आहे. मूळ किल्ली मालकाकडेच राहिली पाहिजे. सल्लागार बदलला, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला किंवा भाच्याने फोन बदलला, तरी दुकानाचे काम अडता कामा नये.

तेव्हा व्यावसायिक बंधू-भगिनींनी या आठवड्यात एक काम करावे. आपल्या जीएसटी व उद्यम नोंदणीवर आणि बँकेत कोणता ई-मेल व कोणता मोबाईल आहे, ते एका कागदावर लिहून काढावे. त्यापुढे 'हा मी स्वतः उघडू शकतो' किंवा 'नाही' असे लिहावे. जिथे 'नाही' आले असेल, तिथूनच कामाला सुरुवात करावी.