तिजोरीतला ‘खरा’ सुपरमॅन

सुपरहिरोपटांच्या गप्पा रंगल्या की कुणीतरी सांगतंच, ‘थिएटरमध्ये आला तो खरा सिनेमा नव्हेच. खरा सिनेमा दिग्दर्शकाने केव्हाच पुरा केला होता, स्टुडिओने तो दाबून ठेवला. डायरेक्टर्स कट बघ, मग कळेल.’ सांगण्याचा थाट असा, की वॉर्नर ब्रदर्सच्या तिजोरीची किल्ली जणू यांच्याच कमरेला आहे. पुराव्यादाखल बहुधा ‘सुपरमॅन २’ पुढे केला जातो. त्याचीच हकीकत नीट पाहू, कारण ती या समजुतीच्या बरोब्बर उलट आहे.

‘सुपरमॅन’चे पहिले दोन भाग एकत्रच चित्रित व्हायला लागले, १९७७ मध्ये, लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर. खर्च आणि वेळापत्रक हाताबाहेर जाऊ लागलं तेव्हा दुसऱ्या भागाचं काम थांबवून आधी पहिला भाग पुरा करायचं ठरलं. तो डिसेंबर १९७८ मध्ये आला आणि तुफान चालला. पण तोवर डॉनर आणि निर्माते साल्काइंड पितापुत्र यांच्यातून विस्तव जात नव्हता. १९७९ मध्ये डॉनरला काढून रिचर्ड लेस्टरला आणलं. दुसऱ्या भागाचं बरंच चित्रीकरण डॉनरने केलेलं होतं, पण पुरं झालेलं नव्हतं. लेस्टरने उरलेलं तर केलंच, शिवाय डॉनरने केलेले काही प्रसंगही नव्याने केले. खलनायक लेक्स लूथर झालेला जीन हॅकमन परत यायला तयार झाला नाही, म्हणून त्याचे डॉनरने टिपलेले प्रसंग तसेच राहिले. मार्लन ब्रँडोचे प्रसंग मात्र पैशाच्या भांडणापायी गाळले आणि सुपरमॅनच्या बापाचे संवाद आईच्या तोंडी गेले.

म्हणजे डॉनरचा ‘सुपरमॅन २’ कुठल्या तिजोरीत पडून नव्हता. तो कधी पुरा झालाच नव्हता. जे अस्तित्वातच नाही ते स्टुडिओ दाबणार कसं?

मग २००६ मध्ये डीव्हीडीवर आला तो ‘रिचर्ड डॉनर कट’ काय आहे? संकलक मायकल थाऊने डॉनरच्या देखरेखीखाली जुनी रिळं धुंडाळून केलेली ती जुळणी आहे. जिथे डॉनरने काही चित्रितच केलं नव्हतं तिथे लेस्टरचे तुकडे वापरावे लागले. नायिका लॉइस क्लार्कवर, म्हणजे साध्या वेशातल्या सुपरमॅनवर, पिस्तूल झाडून त्याचं बिंग फोडते तो प्रसंग तर चित्रितच झाला नव्हता. उपलब्ध होत्या त्या सुपरमॅन झालेला ख्रिस्तोफर रीव्ह आणि लॉइस झालेली मार्गो किडर यांच्या निवडीच्या वेळच्या स्क्रीन टेस्ट. त्याच जोडून प्रसंग उभा केला, म्हणून एकाच संभाषणात रीव्हचे केस बदलतात, अंगयष्टीही बदलते. सुपरमॅनसाठी त्याने शरीर कमावलं ते निवड झाल्यावर! तरीही हा प्रसंग लेस्टरच्या प्रसंगापेक्षा सरस आहे, असं माझं मत. तिथे क्लार्क अडखळतो, हात शेकोटीत जातो आणि भाजत नाही, एवढ्यावर सगळं गुपित फुटतं.

शेवटाचं तर आणखीच त्रांगडं. पृथ्वीभोवती उलटं उडून काळ मागे नेण्याची कल्पना मुळात दुसऱ्या भागाच्या शेवटासाठी होती. ती पहिल्या भागात वापरली गेली. दुसऱ्याचा नवा शेवट ठरवून चित्रित करण्याआधीच डॉनर बाहेर. त्यामुळे २००६ च्या आवृत्तीत तोच शेवट पुन्हा येतो आणि दोन्ही भाग पाठोपाठ पाहणारा प्रेक्षक डोक्याला हात लावतो. त्यातून सुपरमॅन काळ मागे नेल्यावर खानावळीत जाऊन, शक्ती गमावलेली असताना आपल्याला झोडपणाऱ्या गुंडाचा समाचार घेतो. अरे, पण काळ मागे गेला म्हणजे त्याने तुला झोडपलेलंच नाही ना! लेस्टरच्या सिनेमात हा सूड पटतो, कारण तिथे काळ मागे जात नाही. तिथे एका चुंबनाने लॉइसची स्मृती पुसली जाते, तेही काही फार थोर नाही म्हणा.

डॉनरच्या आवृत्तीत खरोखर वरचढ आहे तो ब्रँडो. बाप आपली उरलीसुरली शक्ती खर्चून मुलाला त्याचं बळ परत देतो. लेस्टरच्या सिनेमात सुपरमॅनला शक्ती नेमकी कशी परत मिळाली हे धड दाखवलेलंच नाही.

आणि लांबी? ‘डायरेक्टर्स कट नेहमी मोठा’ म्हणणाऱ्यांनी घड्याळ लावून बघावं. थिएटरमधला ‘सुपरमॅन २’ सुमारे १२७ मिनिटांचा, डॉनरचा ११६. उलट पहिल्या ‘सुपरमॅन’ची सर्वांत लांब, तीन तासांहून मोठी आवृत्ती निर्मात्यांनी टीव्हीसाठी केली होती. त्यात डॉनरचा हात नव्हता.

‘पण झॅक स्नायडरचं काय?’ हा पुढचा प्रश्न. मुलीच्या मृत्यूनंतर दिग्दर्शक स्नायडर मे २०१७ मध्ये ‘जस्टिस लीग’ या सिनेमातून बाजूला झाला. जॉस व्हीडनने बरंच पुनर्चित्रण केलं आणि नोव्हेंबरमध्ये दोन तासांचा सिनेमा लागला. स्नायडरने केलेली जुळणी अस्तित्वात होती हे खरं. पण दृश्यपरिणाम अर्धवट, पार्श्वसंगीत पुरं नाही, अशी ती कच्ची जुळणी. ती सिनेमा म्हणून उभी करायला वॉर्नरने कोट्यवधी डॉलर ओतले, २०२० मध्ये थोडं नवं चित्रीकरणही झालं आणि मार्च २०२१ मध्ये चार तासांचा सिनेमा आला. त्यातला जोकर या नव्या चित्रीकरणातला. ज्यांना तो २०१७ मध्ये ‘कापला’ असं वाटतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

याच स्नायडरच्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’बाबत मात्र तक्रार रास्त आहे. २०१६ मध्ये थिएटरसाठी त्यातून सुमारे अर्धा तास गाळला गेला. आफ्रिकेतल्या गावातल्या हत्याकांडाचं खापर सुपरमॅनवर का फुटतं, हे लांब आवृत्तीतच नीट उलगडतं.

बाकीच्या समजुती थोडक्यात. डायरेक्टर्स कट ही दुर्मीळ चीज आहे? अमेरिकेतल्या दिग्दर्शक संघटनेच्या करारानुसार मोठ्या सिनेमाच्या दिग्दर्शकाला आपली जुळणी करायला दहा आठवडे मिळतात. म्हणजे जवळपास प्रत्येक सिनेमाची अशी एक जुळणी होते. शेवटचा शब्द कुणाचा, हा निराळ्या कराराचा प्रश्न. नुसते कापलेले प्रसंग परत चिकटवले की झालं? ‘डेअरडेव्हिल’च्या २००४ च्या आवृत्तीत अर्ध्या तासाची भर पडली, खुनाच्या खटल्याचं अख्खं उपकथानक परत आलं, पण नायक-नायिकेचा शृंगार गाळला गेला. आपल्याकडे सेन्सॉरने कात्री लावली की मूळ प्रत म्हणजे डायरेक्टर्स कट? नाही. प्रमाणपत्रासाठीची काटछाट वेगळी आणि सिनेमा कसा जुळवायचा यावरून स्टुडिओशी झालेला वाद वेगळा.

‘सुपरमॅन २’ पाहिलाच नसेल तर आधी लेस्टरचा पाहा. अर्धवट राहिलेल्या चित्रीकरणातून थाऊने काय साधलं, ते त्यानंतरच कळेल.