कोय थांबत नाही

हापूसची कोय पेरली म्हणून हापूस मिळत नाही. उगवतं ते रायवळ, फळ कसं निघेल याचा भरवसा नाही. म्हणून कोकणातल्या प्रत्येक हापूसमागे कलम बांधणारे कुणाचे तरी हात असतात. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात ते बरेचदा माझ्या आजोबांचे असत. सगळा गाव त्यांना भाऊ म्हणायचा, आम्ही नातवंडंही.

तरुणपणी भाऊ भेट कलमं करत. मोठ्या झाडाला माळा बांधून रोपाची कुंडी फांदीपाशी ठेवायची, दोघांची साल तासून एकत्र बांधायची आणि पुढचे दोन-तीन महिने वर चढून पाणी घालायचं. दापोलीत १९७२ साली कृषी विद्यापीठ झालं, तिथून कोय कलमाचा प्रसार झाला, आणि भाऊंची शिडी सुटली. १९९०मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाल्यावर कलमांना गिऱ्हाईक वाढलं. माझ्या आत्यांची कॉलेजं त्यावर झाली. भाऊंना मुंबईला नोकरीत असलेल्या त्यांच्या भावांनी किती बोलावलं, पण मनिऑर्डर करणारा बाप व्हायला त्यांची तयारी नव्हती. संध्याकाळी पोरांच्या पंगतीत जेवायला बसता आलं पाहिजे, एवढीच त्यांची अट.

मे महिन्यात रायवळाच्या कोयी गोळा करायचं काम आम्हा पोरांचं. त्या पाण्यात टाकायच्या, तरंगणाऱ्या फेकायच्या, बुडालेल्या वाफ्यात पेरायच्या. हे लगोलग व्हावं लागतं, महिनाभर पडून राहिलेल्या कोयीचा जोर जातो. दोनेक आठवड्यांत रोप वर येतं. त्याची पानं तांबूस, लुसलुशीत असतात तेवढ्यातच कलम बांधायचं. पानं हिरवी झाली की खोड निबर होतं आणि सांधा नीट धरत नाही.

भाऊ पडवीत पोत्यावर बसत. हापूसच्या काड्यांची पानं त्यांनी आठवडाभर आधीच देठ ठेवून छाटलेली असत, त्यामुळे डोळे फुगलेले. कोयीसकट उपटलेलं रोप हातात घ्यायचं, वरचा शेंडा उडवायचा, खोडाच्या मधोमध दोन बोटं खोल चीर द्यायची. काडीच्या बुडाला दोन्हीकडून तासून पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने खालून वर आवळत न्यायची. काडी बारीक असली तर निदान एका बाजूची साल सालीला भिडलीच पाहिजे. यावर ते अडून असत. मी बांधलेलं कलम ते उजेडाकडे धरून बघत आणि काही न बोलता पुन्हा सोडायला देत. रागावणं हा प्रकार नव्हता, पण सुटकाही नव्हती.

आंब्याचा चीक कातडीला भाजतो. काम संपलं की भाऊ आधी हाताला खोबरेल चोळत, मग साबण लावत, आणि त्याशिवाय कुठल्याही लहान मुलाला हात लावत नसत. धाकटी चुलतबहीण रांगत त्यांच्याकडे आली तर दोन्ही हात वर धरून आजीला हाक मारत. आजीची बोटं संधिवाताने वाकल्यावर तिची वेणी तेच घालत. त्या वेणीचे पेडही खालपर्यंत एकसारखे आवळलेले असत.

भाऊ गेले ते ऐन पावसात. वाफ्यात त्यांनीच पेरलेली रोपं तांबूस झाली होती. घरात सुतक, माणसांची ये-जा, आणि कुणी त्या विषयाला तोंड फोडेना. तिसऱ्या दिवशी आजीच म्हणाली, "सुतक आपल्याला आहे, रोपांना नाही. काड्या काढा." काका झाडावर चढले, बाबांनी पाचरी केल्या, मी पट्ट्या आवळल्या. सुरी भाऊंचीच होती, झिजून अरुंद झालेली. कुणी रडत होतं, कुणी पिशव्यांत माती भरत होतं. एखाद्या माणसाला आठवण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

त्यातली बरीच कलमं फुटली. सांध्याखालून रायवळाचा फुटवा आला की तो खुडावा लागतो, नाहीतर वरचा हापूस मरतो. ते काम आता धाकटीकडे आहे. कलमं विकायची नाहीत, असं आजीने बजावलंय. घरामागच्या वरकस जमिनीत ती पुढच्या पावसाला लागतील. खड्ड्यांमधलं अंतर आठ मीटर पुरे, असं काकांचं म्हणणं, म्हणजे झाडं जास्त बसतील. भाऊ दहाच्या खाली येत नसत. बाबांनी दोरी दहा मीटरवरच गाठ मारून ठेवली आहे.