थकवा एक, कारणं अनेक



वसई-विरारच्या आमच्या बचत गटांत हप्ते भरून झाले की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अंगात त्राणच राहिलं नाही गं." कुणी पहाटे भाजीची टोपली घेऊन लोकल गाठते, कुणी दिवसभर शिलाई मशीनवर बसते. आमचं उत्तरही ठरलेलं, "रक्त कमी असेल, गोळ्या घे." गोळ्या घेऊनही थकवा गेला नाही की ती बाई गप्प होते. तिला वाटतं, आपणच आळशी झालो.

डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात हाच प्रश्न हाती घेतला. हा अभ्यास २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यातल्या २४९४ बायकांपैकी शंभरात सुमारे १२ जणी सहा महिने किंवा जास्त काळ थकलेल्या होत्या. त्यांचं रक्त तपासलं, शिक्षण, कर्ज, मनाची अवस्थाही विचारली.

इतकी कारणं एकमेकांत गुंतलेली. ती वेगळी करण्याच्या रीतीला बहुचल विश्लेषण म्हणतात. नाव जड आहे, पण काम आपल्या वहीतलंच.

समजा, ४० बायका आहेत. कर्ज असलेल्या २० पैकी १० थकलेल्या, कर्ज नसलेल्या २० पैकी ६. आपण म्हणू, कर्जच थकवतं. आता वयाप्रमाणे दोन याद्या करू. चाळिशीपुढच्यांत कर्जवाल्या १५ पैकी ९ थकलेल्या, बिनकर्जाच्या ५ पैकी ३. दोन्हीकडे शंभरात ६०. चाळिशीच्या आतल्यांत कर्जवाल्या ५ पैकी १, बिनकर्जाच्या १५ पैकी ३. दोन्हीकडे शंभरात २०. म्हणजे या वहीत फरक वयाचा होता. मोठ्या वयाच्या बायकांवर कर्ज जास्त होतं, इतकंच.

कारणं दहा असली तर याद्या इतक्या होतात की एकेकीत एखादीच बाई उरते. म्हणून बायका पुष्कळ लागतात आणि हिशेब संगणक करतो.

गोव्यात असा हिशेब केल्यावरही वय, कमी शिक्षण, घरावरचं कर्ज आणि मनाची उदासी-काळजी यांचा थकव्याशी संबंध टिकला. रक्त कमी असलेल्या बायका पुष्कळ होत्या, तरी हिमोग्लोबिनचा संबंध दिसला नाही.

पण संबंध म्हणजे कारण नव्हे. उदासीमुळे थकवा आला की थकव्यामुळे उदासी, हे एकदा विचारून कळत नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. फक्त त्यांना झोप, काळजी, कर्ज हेही सांगा. मन फार जड झालं तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

आम्ही आता बैठकीत "गोळ्या घे" म्हणून थांबत नाही. "झोप लागते का? कसली काळजी आहे?" एवढं विचारतो. तुम्हीही विचारून बघा.