आठ दिवसांचे बिऱ्हाड

आपल्या वाडवडिलांना मुंबईस उतरावयाचे झाले, म्हणजे जागा निवडण्याचा प्रश्न फारसा पडत नसे. गोमंतकातील कित्येक गावांनी धोबीतलाव, माझगाव ह्या भागांत आपापल्या नावांच्या 'कुडी' चालविल्या होत्या. बोटीची वाट पाहणारा खलाशी तेथे एक पेटी व एक चटई एवढ्याच संसारावर महिना काढी. आपल्या बेळगाव भागातील माणूस एखाद्या नातलगाच्या चाळीत दहा माणसांच्या खोलीत अकरावा म्हणून अंग टाकी. तेथे शांत झोप मिळावी अशी कोणाची अपेक्षाच नसे. डोक्यावर छप्पर असले म्हणजे पुरे होई.

आज काळ पालटला आहे. मुलगा आखातातून पैसे पाठवितो, मुलगी मोबाइलवर छायाचित्रे पाहून घर ठरविते आणि सारे कुटुंब चार-आठ दिवस समुद्र पाहावयास निघते. थोड्या दिवसांसाठी भाड्याने मिळणारी सजविलेली घरे शहरात आता पुष्कळ झाली आहेत. परंतु गजबजलेल्या वस्तीत झोप लागेल असे घर निवडणे ही एक निराळी विद्या आहे. ती मला एका चुकीतून शिकावी लागली. चूक माझीच असल्यामुळे प्रथम तीच सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामात एक शेतकरी कुटुंब आहे. घरात म्हातारी आई, मुलगा, सून व दोन नातवंडे. सासरा दोन वर्षे अंथरुणाला खिळून होता. सुनेने त्याची रात्रंदिवस शुश्रूषा केली. त्या दोन वर्षांत तिला सलग झोप म्हणून ठाऊक नव्हती. सासरा वारल्यावर आखातातील धाकट्या दिराने पैसे धाडले आणि निरोप दिला, "वहिनीला विसावा द्या. आईलाही एकदा समुद्र दाखवा." तेव्हा तो मुलगा माझ्याकडे आला व म्हणाला, "फादर, मुंबईत कुठं उतरावं? गर्दीची आम्हांला सवय नाही."

मी क्षणभरही विचार न करता म्हणालो, "वांद्र्याला जा. आपली माणसं आहेत, समुद्र जवळ आहे आणि जागा शांत आहे." सेमिनरीत असताना मी तेथे एका उन्हाळ्यात काही दिवस राहिलो होतो. त्या गोष्टीला वीस वर्षे होऊन गेली, ह्याचा मला विसर पडला.

त्यांनी माझ्या शब्दावर घर ठरविले. जाहिरातीत 'शांत, हवेशीर, समुद्रापासून पाच मिनिटे' असे लिहिले होते. समुद्र खरोखरच पाच मिनिटांवर होता. परंतु घर पहिल्या मजल्यावर होते आणि निजावयाच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडत होती. तळमजल्यावर खाणावळ होती; तिची भांडी रात्री एक वाजेपर्यंत वाजत. पहाटे पाच वाजता गच्चीवरील टाकी भरणारा पंप सुरू होई. समोर जुनी इमारत पाडून नवी उभारण्याचे काम चालले होते. ते आठ वाजता जागे होई. आठ दिवसांचे भाडे आगाऊ भरले होते. चौथ्या दिवशी ही मंडळी परत आली. राहिलेल्या दिवसांचे पैसे परत मिळाले नाहीत.

रविवारी मिस्सानंतर म्हातारी मला भेटली. "समुद्र लई चांगला बघा, फादर," ती म्हणाली, "पन झोपायला घरालाच यावं लागलं." सून काही बोलली नाही, नुसती हसली. तिचे ते हसणेच मला अधिक लागले.

पुढल्या वर्षी कामानिमित्त मी पंधरा दिवस मुंबईस होतो. तेव्हा सायंकाळी व रात्री मी मुद्दाम वांद्र्यात हिंडलो, घरमालकांशी बोललो, जिन्यांवर उभा राहिलो. प्रथम एक गोष्ट ध्यानात आली. 'वांद्रे शांत आहे काय?' हा प्रश्नच चुकीचा आहे. हिल रोड व लिंकिंग रोड हे बाजाराचे रस्ते. दुकाने मिटेपर्यंत तेथे रिक्षांचे भोंगे थांबत नाहीत. कार्टर रोड व बँडस्टँड येथे सकाळी समुद्राची गाज ऐकू येते, आणि सायंकाळी तेथेच जत्रेसारखी गर्दी लोटते. रानवार, चिंबई ह्यांसारखी जुनी गावठाणे पाहून आपल्याला गावाची आठवण होते. परंतु त्यांच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की रात्री एक मोटारसायकल गेली तरी दोन्ही बाजूंची घरे जागी व्हावीत. तथापि ह्याच वस्तीत, गर्दीच्या रस्त्यापासून तीसच पावलांवर, पानांची सळसळ ऐकू यावी अशाही खोल्या मला सापडल्या. तात्पर्य, शांतता वस्तीला नसते. ती विशिष्ट खोलीला, विशिष्ट बाजूला आणि विशिष्ट वेळेला असते.

दुसरी गोष्ट अशी की 'घर शांत आहे' म्हणणारा मालक बहुधा लबाड नसतो. तो तेथेच लहानाचा मोठा झालेला असतो. लोकलगाडीचा खडखडाट त्याच्या कानांना पाळण्यातील गाण्यासारखा झालेला असतो. आपण मात्र रातकिड्यांच्या आवाजात निजणारी माणसे. म्हणून मालकाचे मत विचारू नये. ज्यांचे उत्तर हो किंवा नाही असेच देता येईल अशा गोष्टी विचाराव्या.

पहिला प्रश्न खिडकीचा. निजावयाच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे आहे की मागील अंगणाकडे? पुष्कळांची समजूत असते की वरचा मजला घेतला म्हणजे झाले. ती अर्धवट खरी आहे. आवाज मोजण्याचे माप डेसिबल. मापात साधारण १० डेसिबल उतरले म्हणजे कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. वाहता रस्ता ही आवाजाची लांबलचक रेषा असते. तिच्यापासूनचे अंतर दुप्पट केले तरी आवाज अवघा ३ डेसिबल उतरतो. म्हणून रस्त्याकडील पाचव्या मजल्यापेक्षा मागील बाजूचा दुसरा मजला पुष्कळदा अधिक शांत असतो. कारण तेथे सबंध इमारतच रस्त्याच्या आणि आपल्या उशीच्या मध्ये उभी राहते.

दुसरा प्रश्न खाली, वर व शेजारी काय आहे हा. तळमजल्यावर खाणावळ, गॅरेज किंवा पिठाची गिरणी आहे काय? पाण्याचा पंप कोठे आहे व किती वाजता चालतो? खोलीची भिंत लिफ्टला लागून आहे काय? समोर किंवा शेजारी बांधकाम चालू आहे काय? हा शेवटचा प्रश्न मुंबईत कधीही विसरू नये. तेथे जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याचे काम गल्लोगल्ली चालते. आणि मालकाने छायाचित्रे काढली, त्यानंतरही ते सुरू झालेले असू शकते.

तिसरा प्रश्न हवेचा. भिंत कितीही जाड असो, खिडकी उघडली की आवाज आत येतोच. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उष्म्यात खिडकी लावून निजावयाचे, तर वातानुकूलन यंत्र हवे. ते नसल्यास मागील बाजूची खोलीच घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सांगून ठेवले आहे की चांगल्या झोपेसाठी खोलीतील सततचा आवाज ३० डेसिबलपेक्षा अधिक नसावा. ही शांतता साधारण कुजबुजीएवढी असते. शहरात ती सहजासहजी लाभत नाही, शोधावी लागते.

ही उत्तरे मिळाल्यावर प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी. मालकाला विनंती करावी की रात्री दहाच्या सुमारास निजावयाच्या खोलीतून, खिडकी उघडी ठेवून, मोबाइलवर चित्रासह बोला. दोन मिनिटे आपण गप्प राहावे व ऐकावे. मालक टाळाटाळ करू लागला, तर तेच उत्तर समजावे. ह्याहूनही उत्तम म्हणजे मुंबईत राहणाऱ्या आपल्या एखाद्या नातलगाला रात्री त्या इमारतीखाली दहा मिनिटे उभे राहावयास सांगणे. आपल्यापैकी कोणाचे कोणी मुंबईत नाही असे घर विरळाच. घर खरोखर तेथे आहे आणि ते त्याच माणसाचे आहे, ह्याचीही खात्री त्याच वेळी होते. कारण दुसऱ्याच्या घराची छायाचित्रे दाखवून आगाऊ पैसे उकळणारे ठगही आहेत. ही खात्री होईपर्यंत एक रुपयाही पाठवू नये. सोसायटीची अशा भाडेकरूंना हरकत नाही ना, आणि लवकर निघावे लागल्यास किती पैसे परत मिळतील, ही उत्तरे लेखी मागून घ्यावी.

पंचांगाकडेही दृष्टी ठेवावी. दरवर्षी ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून माउंट मेरीची जत्रा आठवडाभर भरते. जत्रेलाच जावयाचे असेल तर अवश्य जावे, पण त्या आठवड्यात त्या टेकडीच्या आसपास शांत खोली मागू नये. नाताळ ते नववर्ष हे दिवसही तसेच. आपल्या भागातील शाळांना दसऱ्याची सुट्टी असते. तीत नवरात्राच्या रात्री टाळून दसऱ्यानंतरचे दिवस घेतले, तर बरे पडते.

कायद्याचा आधारही आहे. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर बाजारपेठेत दिवसा ६५ व रात्री ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. त्या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे; काही ठरावीक सणांपुरती मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. मर्यादा घातली म्हणून आवाज आपोआप थांबतो असे नव्हे, परंतु फारच झाले तर ११२ ह्या क्रमांकावर पोलिसांना कळविता येते. ह्या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट समजते: बाजाराच्या रस्त्यावर घर घेणाऱ्याने कायद्यानेच १० डेसिबल अधिक पत्करलेले असतात.

वाचकहो, ह्या विषयाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून लेखणी ठेवणे बरे नव्हे. आपण ज्या शांततेचे भाडे भरतो, ती मालकाची नसते. ती शेजाऱ्यांनी राखलेली असते. पणजीच्या फोंतेन्हास वस्तीतील रहिवासी दारापुढे छायाचित्रे काढणाऱ्या व गोंगाट करणाऱ्या प्रवाशांना कसे कंटाळले आहेत, हे आपण ऐकतोच. आपण खेड्यातील माणसे मोकळ्या अंगणात वाढलेली; आपले साधे बोलणेही शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखे असते. शहरात आपली फरशी म्हणजे कोणाचे तरी छप्पर. खुर्ची ओढली की खालच्या घरातील तान्हे मूल दचकते. पुष्कळ सोसायट्यांत दुपारी दोन ते चार ही विश्रांतीची वेळ मानतात. पहाटे बसने पोहोचलो, तर जिन्यावर ट्रंक आपटीत चढू नये. घर बहुधा दुपारीच ताब्यात मिळते, तोवर सामान कोठे ठेवावे हे मालकाला आधीच विचारून घ्यावे.

आता त्या कुटुंबाविषयी. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मी त्यांना पुन्हा पाठविले. ह्या खेपेस आधी मी रात्री स्वतः त्या जिन्यावर उभा राहिलो होतो. खोली दुसऱ्या मजल्यावर, मागील बाजूची. लहान होती, भिंतीचा रंगही उडालेला होता, छायाचित्रात कोणी तिच्याकडे पाहिलेही नसते. खिडकीबाहेर एक फणसाचे झाड होते. म्हातारीने पहिल्याच दिवशी नातवंडांना सांगून ठेवले, "खाली माणसं हाईत, पाय हळू टाका."

परत आल्यावर मी सुनेला विचारले, "काय काय पाहिलंस?" ती थोडी ओशाळली. म्हणाली, "फादर, समुद्र दोनदाच बघितला. बाकी नुसती झोपले." आणि ह्या वेळी तिचे हसणे निराळे होते.